राखेची परतीची वाट

नमस्कार श्रोतेहो.

चंद्रपूरहून ताडोब्याकडे निघालात, की शहर संपतं न संपतं तोच उंच चिमण्या दिसू लागतात. ते आमचं महाऔष्णिक वीज केंद्र. त्याला लागूनच दुर्गापूरची खुली कोळसा खाण. केंद्र महानिर्मितीचं, म्हणजे राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीचं; खाण वेकोलिची, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेडची. पण इथल्या माणसाला ती एकाच अंगणातली वाटतात.

खाणीच्या तोंडाशी वीज केंद्र का बांधलं? वर्धा खोऱ्यातल्या कोळशात राख फार. शंभर किलो जाळला की तीस-पस्तीस किलो राख उरते. हाच कोळसा मुंबईजवळ नेऊन जाळायचा, तर मालगाडीच्या दर तीन डब्यांतला एक डबा नुसती राख वाहणार. त्यापेक्षा कोळसा इथेच जाळावा आणि वीज तारेवरून धाडावी, असा तो हिशेब. 1983 साली पहिला संच सुरू झाला. पहिले दोन संच आता कायमचे थांबलेत; उरलेल्या सात संचांची क्षमता 2920 मेगावॉट आहे. इथून थेट भिवंडी तालुक्यातल्या पडघ्यापर्यंत 752 किलोमीटर लांबीची दिष्ट प्रवाहाची, म्हणजे डीसी विजेची, वाहिनी 1999 पासून उभी आहे. तिची क्षमता 1500 मेगावॉट.

आत काय घडतं? कोळसा दळून पावडरीसारखा बारीक करतात आणि हवेच्या झोताने बॉयलरमध्ये फुंकतात. साधारण 540 अंश तापलेली वाफ टर्बाइनवर सुटते. घरातला पंखा मिनिटाला तीन-साडेतीनशे फेरे घेतो; टर्बाइन 3000 घेते.

आता तुमच्या न्हाणीघरात येऊ. दोन किलोवॉटचा गीझर अर्धा तास चालला, की एक युनिट झालं. एका युनिटला साधारण सातशे ग्रॅम कोळसा लागतो. तुमची अंघोळ झाली, पाणी वाहून गेलं, आणि कोळसा जाळणाऱ्या गावात दोन-सव्वादोनशे ग्रॅम राख राहिली. चार-पाच मुठी. सारे संच पूर्ण ताकदीने चालले, तर दिवसाला पंधरा हजार टनांच्या आसपास! काही राख सिमेंट कारखान्यांना आणि विटांना जाते, बाकीची पाण्यात कालवून पाइपातून राखेच्या बंधाऱ्याकडे सोडतात.

2009 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक क्षेत्रांचं प्रदूषण मोजलं, तेव्हा चंद्रपूर चौथं आलं. त्यात सिमेंटचा, खाणींचा, इतर कारखान्यांचाही वाटा आहे, सगळं एकाच चिमणीवर ढकलणं खरं नव्हे. शिवाय खाणीतून काढलेल्या मातीचे, ज्यांना इथे ओबीचे ढिगारे म्हणतात, त्यांचे डोंगर झालेत. त्यांवर काटेरी बाभळी माजल्या आणि वाघ-बिबट्यांना तिथे आडोसा मिळाला. 2022 च्या फेब्रुवारीत केंद्राच्या आवारात वाघाने एका कामगाराचा जीव घेतला. त्यापाठोपाठ दुर्गापुरात बिबट्याने एका मुलाला नेलं. रात्रपाळीला निघालेल्या माणसाच्या घरच्यांना तेव्हा काय वाटत असेल, ते मी शब्दांत सांगू शकत नाही.

मला आज एकच मागणं मांडायचं आहे. कोळसा जवळ म्हणून केंद्र इथे आलं. मग तेच जवळपण राखेच्याही कामी यावं. कोळसा संपलेले खड्डे दूर नाहीत. राख तिथे परत भरता येते, ओबीची माती वर पसरून झाडं लावता येतात. मात्र राखेत पारा, आर्सेनिक असे जड घटक असतात. ते झिरपून विहिरींत उतरू शकतात. म्हणून भरण्याआधी तळ नीट बांधायला हवा, आणि भोवतालच्या गावांतल्या विहिरींचं पाणी दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर तपासून त्याचे आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लागायला हवेत.

याला खर्च येईल. तो चंद्रपूरकरांनी एकट्याने का सोसावा? वाहिनीच्या त्या टोकाला, पडघ्याच्या पलीकडे, ज्यांच्या घरात आमची वीज उजेड देते, त्यांच्या बिलात त्याचे चार पैसे धरावेत, असं मला वाटतं.

नमस्कार.