१०,६४६ गुण आणि हिशेबाबाहेरचे हिवाळे

३० मार्च २००१. अमेरिकेतील सेंट लुईस शहरात महाविद्यालयीन महिला बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेचा उपांत्य सामना सुरू आहे. एका बाजूला नोटर डेम, दुसऱ्या बाजूला गतविजेता कनेटिकट. कनेटिकटकडून खेळणारी अठरा वर्षांची एक मुलगी बास्केटच्या दिशेने पंधरा वेळा चेंडू फेकते आणि त्यांपैकी एकदाच तो जाळीतून खाली उतरतो. पुढे पाच वैयक्तिक फाऊल भरल्यामुळे तिला सामना संपण्याआधीच कोर्टाबाहेर जावे लागते. कनेटिकट ९०–७५ असा हरतो.

त्या मुलीचे नाव डायना टॉरासी. २५ फेब्रुवारी २०२५ रोजी तिने निवृत्ती जाहीर केली, तेव्हा डब्ल्यूएनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक महिला लीगमध्ये तिच्या नावावर १०,६४६ गुण जमा होते. दुसऱ्या क्रमांकावर ७,६९६ गुणांसह टीना चार्ल्स होती. म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकात जवळपास तीन हजार गुणांचे अंतर. या आकड्याची सोय अशी, की तो एका दमात सांगता येतो. अडचण अशी, की वीस हंगामांच्या या कारकिर्दीतले निम्मे कष्ट त्यात धरलेलेच नाहीत.

टॉरासीचा जन्म ११ जून १९८२ रोजी कॅलिफोर्नियातील ग्लेनडेल येथे झाला आणि ती वाढली लॉस एंजेलिसच्या पूर्वेला असलेल्या चिनो या गावात. वडील मारिओ जन्माने इटालियन, पण वाढलेले अर्जेंटिनात; आई लिलियाना अर्जेंटिनाची. वडील फुटबॉलमधले गोलरक्षक आणि घरात बोलली जाणारी भाषा स्पॅनिश. अशा घरातली मुलगी बास्केटबॉलकडे वळली आणि शालेय खेळाच्या जोरावर देशाच्या दुसऱ्या टोकाला, प्रशिक्षक जीनो ऑरिएमा यांच्या कनेटिकट विद्यापीठात जाऊन पोहोचली.

सेंट लुईसच्या त्या रात्रीनंतरच्या वर्षी कनेटिकटने एकोणचाळीसपैकी एकोणचाळीस सामने जिंकले. मात्र त्या संघाचे श्रेय एकट्या टॉरासीला देणे अन्यायाचे ठरेल, कारण तिच्याबरोबर खेळणाऱ्या स्यू बर्ड, स्विन कॅश, अशा जोन्स आणि तमिका विल्यम्स या चौघींना त्याच वर्षी व्यावसायिक संघांनी नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत पहिल्या सहांमध्येच उचलले. खरी परीक्षा त्या चौघी गेल्यावर होती. उरलेल्या नवख्या संघाला घेऊन टॉरासीने २००३ आणि २००४ अशी आणखी दोन विजेतीपदे मिळवली आणि दोन्ही वेळा अंतिम सामन्यात टेनेसीला हरवले. या यशाचे कारण विचारणाऱ्यांना ऑरिएमा एवढेच सांगत, की आमच्याकडे डायना आहे आणि तुमच्याकडे नाही.

२००४ मध्ये फिनिक्स मर्क्युरी या संघाने सर्वांत पहिली निवड म्हणून तिला घेतले. आदल्या हंगामात या संघाने चौतीसपैकी अवघे आठ सामने जिंकलेले होते. टॉरासी पहिल्याच वर्षी लीगमधील सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरली. पण तिचा खेळ पूर्णपणे फुलला तो २००६ मध्ये, कारण त्या वर्षी पॉल वेस्टहेड हे प्रशिक्षक म्हणून आले आणि त्यांनी संघाला सतत धावत राहायला, चेंडू हाती येताच क्षणाचाही विलंब न लावता तो बास्केटकडे फेकायला शिकवले. त्या हंगामात टॉरासीने ८६० गुण केले, म्हणजे सामन्यामागे पंचविसांहून अधिक, आणि ह्यूस्टनविरुद्ध तीन जादा डावांपर्यंत लांबलेल्या एका सामन्यात तर एकटीने ४७.

तिच्या फेकीकडे थोडे जवळून पाहायला हवे. उंची सहा फूट, म्हणजे बास्केटबॉलमध्ये मध्यमच. पायांत विजेची चपळाई नाही, उडीही डोळे दिपवणारी नाही. चेंडू घेऊन ती धावत येते आणि समोरची खेळाडू मागे सरकते. ती मागे सरकत असतानाच तीन गुणांच्या रेषेच्या बाहेर, म्हणजे जिथून साधलेल्या फेकीला दोनऐवजी तीन गुण मिळतात तिथे, टॉरासीची पावले एकदम थांबतात. मागे जाणाऱ्या खेळाडूला थांबून पुन्हा पुढे येईपर्यंत जेवढा क्षण लागतो, तेवढाच टॉरासीला पुरतो. तेवढ्यात चेंडू हातातून सुटलेला असतो. अशा १,४४७ फेकी तिने कारकिर्दीत यशस्वी केल्या. मधल्या काळात, २०१३ मध्ये, लीगने ही रेषाच सुमारे अर्धा मीटर मागे नेली, तरी तिच्या खेळाला त्याची फारशी झळ बसली नाही. ज्या खेळाडूची ताकद पायांच्या वेगात असते तिची कारकीर्द तिशीनंतर उतरणीला लागते. टॉरासीची ताकद वेळ साधण्यात होती, म्हणूनच ती चाळिशी ओलांडूनही टिकली, असे आम्हाला वाटते.

फिनिक्सने २००७, २००९ आणि २०१४ अशी तीन विजेतीपदे मिळवली. २००७ मध्ये डेट्रॉइटला त्याच्याच कोर्टावर हरवून अजिंक्यपद पटकावणारा तो लीगमधला पहिला संघ ठरला. २००९ मध्ये टॉरासीला हंगामातील सर्वोत्तम खेळाडूचा किताब मिळाला, तर अंतिम फेरीतील सर्वोत्तम खेळाडूचा किताब २००९ आणि २०१४ असा दोनदा. पंचांशी वाद घालून ओढवून घेतलेल्या टेक्निकल फाऊलांची यादीही बरीच लांब आहे; तिची गणना मात्र किताबांमध्ये होत नाही. पुरुष बास्केटबॉलमधला दिग्गज कोबी ब्रायंट याने तिला ‘व्हाइट मांबा’ (मांबा म्हणजे एक जहाल विषारी साप) हे नाव दिले, ते तिच्या या स्वभावाला शोभण्यासारखेच होते.

आता हिशेबाबाहेरच्या हिवाळ्यांकडे वळू. डब्ल्यूएनबीएचा हंगाम उन्हाळ्याचा आणि पगार तेव्हा तुटपुंजा. त्यामुळे अमेरिकेतील अव्वल खेळाडू शरद ऋतूत विमानात बसत आणि वसंतापर्यंत रशियात किंवा तुर्कस्तानात खेळत. टॉरासी मॉस्कोनजीकच्या स्पार्टाक संघात दाखल झाली. संघाचे मालक शब्ताई कालमानोविच हे हौशी आणि सढळ हाताचे गृहस्थ होते. त्यांनी टॉरासी, स्यू बर्ड, ऑस्ट्रेलियाची लॉरेन जॅक्सन अशा खेळाडू एकत्र आणल्या, त्यांना राहायला प्रशस्त घर दिले आणि मायदेशी कधी मिळाला नव्हता असा थाट पुरवला. नोव्हेंबर २००९ मध्ये मॉस्कोच्या रस्त्यावर त्यांच्या गाडीवर गोळीबार झाला आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. खेळाडूंनी तो हंगाम अर्धवट सोडला नाही. २००७ पासून २०१० पर्यंत स्पार्टाकने सलग चार वेळा युरोलीग ही युरोपातील क्लबांची सर्वोच्च स्पर्धा जिंकली. त्यांतले चौथे विजेतेपद या हत्येनंतरचे आहे.

पुढचा हिवाळा इस्तंबूलमध्ये, फेनेरबाह्चे संघाकडून गेला आणि तो सर्वांत कडू ठरला. डिसेंबर २०१० मध्ये उत्तेजक द्रव्याच्या चाचणीत टॉरासी दोषी असल्याचे जाहीर झाले आणि संघाने तिचा करार रद्द केला. फेब्रुवारी २०११ मध्ये त्याच प्रयोगशाळेने आपला अहवाल मागे घेतला आणि तिच्यावरचा ठपका पुसला गेला. पण तोपर्यंत ती मायदेशी परतलेली होती आणि हंगाम हातचा गेला होता. त्यानंतर रशियातील येकातेरिनबुर्ग शहराच्या यूएमएमसी संघाबरोबर तिने २०१३ आणि २०१६ मध्ये आणखी दोन युरोलीग मिळवल्या. एकूण सहा. यांतल्या एकाही सामन्यातला एकही गुण १०,६४६ मध्ये नाही.

२०१५ मध्ये तर याच्याही पुढची गोष्ट घडली. यूएमएमसीने टॉरासीला सांगितले, की तू उन्हाळ्यात खेळू नकोस, विश्रांती घे. त्याचा मोबदला आम्ही देऊ. त्या वेळी आलेल्या बातम्यांनुसार रशियात तिला वर्षाला सुमारे १५ लाख डॉलर मिळत होते, तर फिनिक्सकडून १ लाख ७ हजारांच्या आसपास. ऐन बहरातली, आदल्याच वर्षी अजिंक्यपद मिळवून देणारी खेळाडू पूर्ण हंगाम घरी बसली आणि त्या वर्षीच्या रकान्यात शून्य पडले. तिने लीगकडे पाठ फिरवली अशी टीका तेव्हा झाली. वास्तविक, लीगच्या वेतनश्रेणीवर त्याहून सडेतोड भाष्य कोणी केले नव्हते. २०२० च्या नव्या करारात सर्वोच्च मूळ वेतन सुमारे १ लाख १७ हजारांवरून २ लाख १५ हजार डॉलरवर गेले. तरीही परदेशी जाणे थांबले नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये टॉरासीची फिनिक्समधील सहकारी ब्रिटनी ग्राइनर हिला मॉस्कोच्या विमानतळावर अटक झाली, तेव्हा तीही याच यूएमएमसी संघाकडे निघाली होती; तिची सुटका व्हायला डिसेंबर उजाडला.

एका वर्षाची ही खोट सोसूनही १८ जून २०१७ रोजी लॉस एंजेलिसमध्ये टॉरासीने लीगमध्ये तोवर सर्वाधिक गुण असलेल्या टीना थॉम्पसनला मागे टाकले. ज्या फेकीने हा विक्रम झाला ती बास्केटच्या अगदी जवळून, धावत जाऊन घातलेली साधी फेक होती, आणि ती पाहायला चिनोची मंडळी हजर होती. सामना मात्र फिनिक्सने मोठ्या फरकाने गमावला. ३ ऑगस्ट २०२३ ची रात्र वेगळी होती. दहा हजारांसाठी अठरा गुण हवे होते आणि वय होते एकेचाळीस. फिनिक्समध्ये अटलांटाविरुद्ध तिने दहा हजारांचा टप्पा गाठला तो तीन गुणांच्या फेकीने, आणि तिथेच न थांबता सामना संपेपर्यंत ४२ गुण केले.

ऑलिंपिकचा हिशेब सर्वांत सोपा आहे. अथेन्स, बीजिंग, लंडन, रिओ, टोकियो आणि पॅरिस: सहा स्पर्धा, सहा सुवर्णपदके. बास्केटबॉलमध्ये, पुरुष असो वा स्त्री, इतकी पदके दुसऱ्या कोणाकडेही नाहीत.

११ ऑगस्ट २०२४, पॅरिस. अंतिम सामन्याचे शेवटचे क्षण सुरू आहेत आणि यजमान फ्रान्स तीन गुणांनी मागे आहे. फ्रान्सची गॅबी विल्यम्स, जी स्वतःही कनेटिकटमध्येच शिकलेली, वेळ संपता संपता लांबून चेंडू फेकते आणि तो जाळीत जातो. तीन गुण मिळाले असते तर बरोबरी झाली असती आणि जादा डाव खेळावा लागला असता. पण विल्यम्सचे पाऊल रेषेवर पडलेले आहे. गुण दोनच मिळतात. अमेरिका ६७, फ्रान्स ६६. त्याच रेषेबाहेर वीस वर्षे उभी राहिलेली टॉरासी हे सारे राखीव खेळाडूंच्या बाकावरून पाहते आहे. त्या सामन्यात तिला एक मिनिटही खेळवलेले नाही. थोड्याच वेळात सहावे सुवर्णपदक तिच्या गळ्यात पडते.