टिंबाकच्या गुहेतले आजी-आजोबा

नमस्कार मंडळी. आज तुम्हाला घेऊन जाते फिलिपाईन्सच्या उत्तरेला, बेंगेत नावाच्या डोंगराळ प्रांतात. ममी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर इजिप्तच येतं, पिरॅमिड, पट्ट्यांत गुंडाळलेला राजा वगैरे. पण इथल्या इबालोय लोकांनी आपली माणसं जपली ती धुरावर, आणि ठेवली कुठे तर गावाच्या डोक्यावरच्या डोंगरात, पाईनच्या लाकडाचं खोड कोरून केलेल्या पेटीत, गुडघे पोटाशी घेऊन बसवलेली. कबायान गावाच्या आसपासच्या कितीतरी गुहांमध्ये ही माणसं आहेत.

हे करायचे कसे, ते ऐका. माणूस मरणाला टेकला की त्याला खूप खारट पाणी पाजायचे. गेल्यावर अंघोळ घालून बसत्या अवस्थेत मंद विस्तवाजवळ ठेवायचे, भाजायला नाही हं, अंगातलं पाणी हळूहळू निघून जावं म्हणून, आणि तोंडातून तंबाखूचा धूर आत फुंकायचे म्हणजे आतूनही कोरडं व्हावं, वरून झाडपाल्याचा रस चोळायचा, ऊन द्यायचं, आणि हे सगळं आठवडेच्या आठवडे, काही वेळा महिने चालायचं. घरातलं माणूस गेलंय आणि त्याच्या शेजारी विस्तव विझू न देता इतके दिवस बसायचं, किती माया लागत असेल याला! अर्थात हा मान सगळ्यांना नव्हता, गावातल्या मोठ्या, श्रीमंत घराण्यांनाच. पुढे स्पॅनिश लोक आले, त्यांनी ही प्रथा मोडून काढली आणि ती बंद पडली.

मी गेले ती टिंबाकच्या गुहांमध्ये. बागियोहून हल्सेमा हायवे निघतो, तो २,२०० मीटरच्याही वर चढतो, आणि दोन्ही बाजूंना नुसती कोबी, बटाटा, गाजराची शेतं, डोंगर उतारावर पायऱ्या पायऱ्यांनी कापलेली. मुख्य रस्ता सोडला की आणखी वर जायचं. थंडी अशी की बोटं वळत नाहीत, आणि खरं तर या थंडीनेच तर ती माणसं टिकलीत. गुहेला लोखंडी जाळी आहे, किल्ली गावातल्या राखणदाराकडे. आमच्यासोबतचे आजोबा जाळीपाशी थांबले, थोडी जिन जमिनीवर ओतली आणि आत बघून त्यांच्या भाषेत बोलायला लागले, कोण पाहुणे आलेत, कुठून आलेत, कशाला आलेत, वाईट वाटून घेऊ नका. आपल्याकडे देवघरात पूर्वजांचे टाक असतात ना, सणाला त्यांना आधी पान दाखवल्याशिवाय आपण जेवत नाही, मला एकदम तेच आठवलं.

मग त्यांनी एका पेटीचं झाकण सरकवलं. कातडी काळपट तपकिरी, पण हातावरचं गोंदण अजून दिसतं, बोटांची नखंसुद्धा दिसतात. कॅमेरा पिशवीतून काढावासा वाटलाच नाही. आणि खरं सांगू, माझं मत असं झालंय की पेट्या आता उघडूच नयेत, पर्यटकांसाठी तर नाहीच. झाकण उघडलं की दमट हवा आत जाते, बुरशी धरते, आणि शेकडो वर्षं टिकलेली गोष्ट आपल्या दोन मिनिटांच्या कुतूहलापायी खराब होते.

आणि बाहेरच्या लोकांनी इथे आधीच पुष्कळ बिघडवलंय. गुहांमध्ये लोकांनी नावं खरडली, कवट्या उचलून नेल्या, अख्ख्या ममी चोरीला गेल्या. सगळ्यात मोठी गोष्ट आपो आन्नूची. हा शेजारच्या बुगियासचा पुढारी, मोठा शिकारी, अंगभर गोंदलेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याला गुहेतून चोरून नेलं, मनिलात लोकांना दाखवायला ठेवलं, मग या हातातून त्या हातात करत १९८४ साली तो नॅशनल म्युझियममध्ये पोचला. इकडे गावात दुष्काळ आला, रोगराई आली, की लोक म्हणायचे, आन्नू घरी नाही म्हणून हे होतंय. शेवटी १९९९ मध्ये म्युझियमने त्याला परत दिलं आणि गावाने सगळे विधी करून, डुकरं कापून, त्याला त्याच्या गुहेत बसवलं. म्हणजे ऐंशी वर्षांच्या आसपास त्याचा गाव त्याची वाट बघत होता, ज्यांनी त्याला कधी पाहिलंही नव्हतं अशी पिढीसुद्धा.

सरकारने १९७३ सालीच या गुहांना राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर केलं होतं, पण कागदाने गुहा राखली जात नाही, ती राखतात किल्ली सांभाळणारी गावातली माणसं. काही गुहा नेमक्या कुठे आहेत ते तर ते कोणाला सांगतच नाहीत, आणि अगदी बरोबर करतात.

तुमच्यापैकी कोणी तिकडे जाणार असाल तर मनिलाहून बागियोला बस मिळते, तिथून पुढे कबायानची. कबायानमध्ये नॅशनल म्युझियमची शाखा आहे, आधी तिथे जा, सगळं समजून घ्या, मग गावातलाच माणूस सोबत घेऊन वर चढा. पावसाळ्यात मात्र नको, हल्सेमावर दरडी कोसळतात. स्वेटर जाडच घ्या, आणि जिनची बाटली खालीच विकत घेऊन ठेवा, वर दुकान नाही.