घोडागाडीत पिस्तूल घेऊन बसलेला एक्झिक्युटर

श्रोतेहो, नमस्कार. मृत्युपत्र म्हणजे काय, हे आज सांगत बसत नाही. ते नीट लिहूनही काय राहून जातं, याबद्दल बोलू. त्यासाठी माझा लाडका माणूस आल्फ्रेड नोबेल.

27 नोव्हेंबर 1895 ची तारीख घालून नोबेलने पॅरिसमध्ये मृत्युपत्र लिहिलं. स्वतःच्या हाताने, वकिलाशिवाय. वकिलांवर त्याचा विश्वासच नव्हता. चार साक्षीदारांनी सह्या केल्या. पुढच्या वर्षी 10 डिसेंबरला इटलीतल्या सान रेमोत तो वारला आणि कागद बाहेर आला. तीन कोटी क्रोनरहून (म्हणजे स्वीडिश चलन) जास्त मालमत्ता, त्यातली बहुतेक बक्षिसांसाठी! पण ती सांभाळणार कोण? तशी संस्थाच नव्हती. ज्यांनी विजेते निवडायचे, त्यांना विचारलंही नव्हतं. (साहित्याचं बक्षीस त्यांनी पुढे कुणाकुणाला दिलं, यावर मी बोलायला लागलो तर वेळ संपेल.)

एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारे, दोन. त्यातला राग्नर सोलमन अवघ्या 26 वर्षांचा इंजिनिअर, त्यालाही आधी काही सांगितलेलं नाही. त्याच्यापुढचा पहिला प्रश्न बक्षिसांचा नव्हताच. नोबेल राहणारा कुठला? जन्म स्टॉकहोमचा, घर पॅरिसात, घर सान रेमोत, घर स्वीडनमधल्या बोफोर्सजवळ. पॅरिसचा ठरला तर खटला फ्रेंच कोर्टात आणि करही फ्रान्सचा. मग सोलमनने काय करावं? पॅरिसच्या बँकेतले रोखे काढले, पेट्यांत भरले, घोडागाडीत घातले आणि हाताशी पिस्तूल ठेवून गाडीत बसला! रोखे गेले देशाबाहेर. पुढे स्वीडनच्या कोर्टाने घर बोफोर्सचं धरलं. 1898 मध्ये नातेवाइकांशी तडजोड झाली आणि 29 जून 1900 ला नोबेल फाउंडेशनचे नियम मंजूर झाले. साडेतीन वर्षं गेली, श्रोतेहो, साडेतीन वर्षं.

तर आधी बघा, कायद्याच्या नजरेत तुम्ही राहणारे कुठले. पुन्हा सांगतो, राहणारे कुठले. मुलं परदेशी असतील तर त्यांचंही बघा. इंग्लंडमध्ये वारशाचा कर एकूण मालमत्तेवर बसतो, फ्रान्समध्ये ज्याच्या त्याच्या हिश्श्यावर. भारतात इस्टेट ड्युटी, म्हणजे मृताच्या मालमत्तेवरचा कर, 1985 मध्ये गेली. मात्र वारशात आलेलं घर विकून नफा झाला तर त्यावर कर आहेच.

ट्रस्ट करायचा असेल तर विश्वस्त कोण, लाभार्थी कोण, मालमत्ता कोणती, हेतू काय, सगळं स्पष्ट लिहा. खासगी ट्रस्टमध्ये कुणाचा हिस्सा किती हे ठरलेलं नसेल, तर भारतात उत्पन्नावर साधारणपणे सर्वांत वरच्या दराने कर लागतो. म्हणून हिस्से लिहा. हिस्से लिहा, हे विसरू नका.

मृत्युपत्राला साक्षीदार दोन हवेत, ज्यांना काही मिळणार आहे ते नकोत. आणि मूळ प्रत फक्त तुमच्याच नावावरच्या लॉकरमध्ये कोंडून ठेवू नका. लोकांना लॉकरचं भारी प्रेम. बक्षीसपत्राचं पुढच्या आठवड्यात. नमस्कार.