पाचगणी: घाट चढून येणाऱ्या ट्रंका

जून लागला की पसरणी घाटात गाड्यांच्या टपावर ट्रंका दिसायला लागायच्या. काळ्या पत्र्याच्या, कडीला कुलूप, झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटनं मुलाचं नाव आणि त्याखाली एक नंबर. आम्हा वाईच्या पोरांना वर पाचगणीच्या बोर्डिंग शाळा सुरू झाल्याचं कॅलेंडरवरनं नाही, त्या ट्रंकांवरनं कळायचं. मागच्या सीटवर एखादं आठ-नऊ वर्षांचं पोरगं काचेला नाक लावून बसलेलं, आणि खाली धोमचं पाणी वळणावळणाला लांब जात राहायचं.

आता हे सगळं इथंच, या डोंगरावरच का आलं? तर पावसामुळं. महाबळेश्वर इंग्रजांना फार आवडायचं पण पावसाळ्यात तिथं राहायची सोय नाही, वर्षाला ५-६ हजार मिलिमीटर पाऊस, कपडे वाळत नाहीत की भिंती वाळत नाहीत. आणि तिथनं १८-२० किलोमीटर अलीकडं पाऊस निम्म्याहून कमी, हवा कोरडी. १८६० च्या दशकात जॉन चेसन नावाचा इंग्रज आणि त्याच्यासोबत रुस्तमजी दुबाश हे डोंगर हिंडले आणि दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर, तायघाट या पाच गावांच्या मधली जागा त्यांनी निवडली. हे रस्त्याच्या कडेचे उंच सिल्व्हर ओक बघा, ही झाडं इथं आणली ती चेसननं. त्याची कबर पण इथंच आहे, सेंट पीटर्स चर्चच्या आवारात.

हवा चांगली म्हणून टीबीचे पेशंट आले, आणि हवा चांगली म्हणूनच शाळाही आल्या. किमिन्स, सेंट पीटर्स, १८९५ चं सेंट जोसेफ कॉन्व्हेंट. सुरुवातीच्या शाळा गोऱ्यांच्या मुलांसाठी, मग पारशी, हिंदू, मुस्लिम, बहाई मंडळींनी आपापल्या शाळा काढल्या, १९२२ ला संजीवन, १९४५ ला न्यू एरा, आणि एवढंसं गाव बोर्डिंगचं गाव होऊन बसलं.

१९५५ च्या सुमाराला झांझिबारहून समुद्र ओलांडून एक पारशी मुलगा असाच घाट चढून सेंट पीटर्सला आला. फारोख बलसारा, वय आठ. त्याला फ्रेडी म्हणायला लागले ते इथले मित्र, पियानोत तो रमला तो इथं, आणि १२ वर्षांचा असताना द हेक्टिक्स नावाचा पहिला बँड केला तोही इथंच. पुढं जग त्याला क्वीन या रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखायला लागलं. लोक ही गोष्ट अभिमानानं सांगतात, सांगायलाच पाहिजे, पण मला त्यात आधी तो आठ वर्षांचा मुलगा दिसतो, पहिल्या रात्री डॉर्ममध्ये लाइट बंद झाल्यावरचा.

बोर्डिंगच्या परंपरा म्हणजे लोकांना ब्लेझर, हाऊसचे रंग, स्पोर्ट्स डेचा मार्चपास्ट आठवतो. खरी परंपरा रोजची असते. सकाळची बेल, पीटी, पलंगाची चादर ताणून नीट घातली का त्याचं इन्स्पेक्शन, संध्याकाळचा प्रेप म्हणजे बसून अभ्यासाचा तास, ट्रंकेतला खाऊ पुरवून पुरवून खाणं, रविवारी घरी पत्र लिहिणं. दिवस असा बांधलेला असला की आईची आठवण यायला जागाच कमी उरते, मला वाटतं म्हणूनच हे सगळं इतकी वर्षं टिकलं. पण सिनियरांची दादागिरी, छडी, रडणाऱ्याला चिडवणं, हेही पूर्वी बोर्डिंगमध्ये सर्रास चालायचं आणि त्याला कुणी परंपरा म्हणून मिरवू नये. आणि अजून एक, मोठमोठ्या फियांच्या या शाळांमध्ये भाकऱ्या थापणारे, भांडी घासणारे, बागा राखणारे हात त्याच पाच गावांतले आहेत. त्यांच्या पोरांसाठी त्याच वर्गात बाक असायला पाहिजे, दरवर्षी, हक्कानं.

माझ्या मामांचं बाजारात शिलाईचं दुकान होतं. मे महिन्याच्या शेवटी त्यांना मान वर करायला वेळ नसायचा, कारण नंबर शिवायचे. प्रत्येक मुलाला शाळेकडनं एक नंबर मिळतो, तो शर्टाच्या कॉलरला, टॉवेलला, रुमालाला, अगदी मोज्यांनाही लागतो, नाहीतर धोब्याकडं शेकडो मुलांच्या कपड्यांत आपलं काय ते कळायचं कसं.

एकदा एक बाई मुलाला घेऊन आल्या. सगळं झालं, शेवटी पांघरुण राहिलं, तर म्हणाल्या, "दादा, एवढं मी शिवू का?" मामांनी काही न बोलता सुई ओवून दिली. त्या स्टुलावर बसून शिवत होत्या आणि मुलगा शेजारी उभा राहून बघत होता. टाके वाकडे आले, नंबराची पट्टी तिरकी बसली. मामांनी तसंच घडी घालून दिलं.

दोन-तीन वर्षांनी तो मुलगा एकटाच दुकानात आला, उंच झालेला, पांघरुणाचे काठ विरले होते. मामांनी पट्टी बघितली आणि म्हणाले, हीपण नवी लावून देतो, सरळ. तो म्हणाला, "नको काका, ती राहू दे."

मामांनी मग पट्टीला हात न लावता चारी काठ दुमडून शिवून दिले.