अँडरस्टॉर्पचा पंखा

जून १९७८. स्वीडनमधल्या अँडरस्टॉर्प येथील सर्किटवर फॉर्म्युला वन शर्यतीसाठी आलेल्या ब्राभम संघाच्या दोन गाड्या पिटमध्ये, म्हणजे गाड्यांच्या देखभालीच्या जागेत, उभ्या आहेत आणि त्यांच्या पाठीमागच्या बाजूला चक्क कचऱ्याच्या पिंपाची झाकणे लावलेली आहेत. त्या झाकणाआड एक मोठा पंखा होता आणि इतर संघांच्या अभियंत्यांनी तो फार वेळ न्याहाळू नये, एवढाच त्या झाकणाचा उपयोग होता.

हा पंखा का बसवावा लागला, हे समजण्यासाठी आधी प्रतिस्पर्धी लोटस संघाच्या त्या वर्षीच्या गाडीखाली वाकून पाहिले पाहिजे. वळणावर गाडीने रस्ता घट्ट धरावा, यासाठी तिचे वजन न वाढवता तिला खाली दाबणारे बल हवे असते. त्यालाच डाउनफोर्स म्हणतात. १९६८-६९ मध्ये हे काम उंच दांड्यांवर बसवलेल्या विंग, म्हणजे हवेच्या झोताने गाडीला खाली दाबणारे पंख, करीत होत्या. मात्र १९६९ च्या स्पॅनिश शर्यतीत ग्रॅहम हिल आणि योखन रिंट या लोटसच्या दोन्ही चालकांच्या गाड्यांवरील विंग मोडून मोठे अपघात झाले, आणि पुढच्याच मोनॅको शर्यतीच्या सरावादरम्यान उंच विंगवर बंदी आली.

पुढचे पाऊल पडले ते लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील विंड टनेलमध्ये, म्हणजे कृत्रिम वारा सोडून चाचणी घेण्याच्या बोगद्यात. लोटसचे अभियंते पीटर राइट तेथे गाडीच्या छोट्या प्रतिकृतीची चाचणी घेत होते, पण मोजमापे काही केल्या स्थिर येईनात. बारकाईने पाहिल्यावर लक्षात आले, की प्रतिकृतीच्या दोन्ही बगला हवेच्या झोतात खाली झुकत आहेत आणि जमिनीच्या जितक्या जवळ जात आहेत, तितके डाउनफोर्स वाढत आहे. त्यांनी पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावून कडेची फट बुजवली आणि आकडे एकदम वर गेले. तत्त्व साधे आहे. वादळात घरावरचे पत्रे उडतात, कारण वरून वेगाने वाहणाऱ्या वाऱ्यामुळे तेथील हवेचा दाब कमी होतो आणि पत्रा वर खेचला जातो. येथे वेगवान हवा गाडीच्या खालून जाते, म्हणून गाडी खाली खेचली जाते. मात्र कडेने बाहेरची हवा आत शिरली, तर सारा खेळ संपतो. म्हणून लोटस ७९ च्या दोन्ही बाजूंना रस्त्याला घासत वरखाली सरकणारे स्कर्ट, म्हणजे कडेची फट बुजवणाऱ्या पट्ट्या, होते, आणि १९७८ च्या त्या मोसमात लोटसचे चालक मारिओ अँड्रेटी यांना गाठणे इतरांना जड जात होते.

ब्राभमचे डिझायनर गॉर्डन मरी यांना ही युक्ती उचलता येत नव्हती. त्यांच्या गाडीतील अल्फा रोमिओच्या बारा सिलिंडरच्या इंजिनात दोन्ही बाजूंचे सिलिंडर आडवे पसरलेले होते, आणि जेथून हवेचा मार्ग काढायचा, नेमकी तीच जागा त्यांनी अडवलेली होती. मरी यांनी मग हवा वाहण्याची वाटच पाहिली नाही. त्यांनी इंजिनाखालचा भाग स्कर्टने बंदिस्त केला आणि गीअरबॉक्सवरून फिरणाऱ्या पंख्याने तेथील हवा ओढून बाहेर टाकली. गाडी जागेवर उभी असताना ॲक्सिलरेटर दाबला, तरी ती डोळ्यांना दिसेल इतकी खाली बसत असे. हलणाऱ्या वायुगतिकीय भागांना नियमांत बंदी होती. परंतु इंजिनावर आडवा रेडिएटर ठेवून, पंखा प्रामुख्याने तो थंड करण्यासाठी आहे, असा दावा संघाने केला. हा युक्तिवाद लबाडीचा होता खरा, पण कागदावर तो पक्का होता.

पात्रता फेरीत ब्राभमचे चालक जॉन वॉटसन आणि निकी लाउडा यांनी गाड्यांत भरपूर इंधन भरून, म्हणजे वजन वाढवून, खरा वेग लपवला, तरीही ते दुसरे आणि तिसरे आले. शर्यतीत अँड्रेटी यांना मागे टाकून लाउडा सुमारे ३४ सेकंदांच्या फरकाने जिंकले. एका गाडीतून ट्रॅकवर तेल सांडले होते. इतरांच्या गाड्या त्यावर घसरत असताना लाउडा यांची गाडी रस्त्याला चिकटल्यासारखी जात होती.

मग तक्रारींचा भडिमार झाला. पंखा मागच्या गाड्यांवर खडे उडवतो, असेही प्रतिस्पर्धी म्हणू लागले. मरी यांनी ते कधीच मान्य केले नाही. ब्राभमचे मालक बर्नी एक्लस्टन हे संघांच्या संघटनेचेही सूत्रधार होते, आणि एका गाडीपेक्षा ती एकजूट त्यांना अधिक मोलाची वाटली असावी. अँडरस्टॉर्पचा निकाल कायम राहिला. पंख्याची गाडी मात्र पुन्हा शर्यतीत उतरली नाही.

लोटसचे स्कर्ट त्यानंतरही टिकले. १९८३ मध्ये गाडीचा तळ सपाट ठेवणे सक्तीचे झाले, तेव्हा कुठे गाडीखालच्या हवेची ही चढाओढ थांबली.

अँडरस्टॉर्पनंतरची शर्यत २ जुलै रोजी फ्रान्समध्ये, पॉल रिकार सर्किटवर झाली. पंखा काढलेल्या ब्राभममधून वॉटसन यांनी पोल पोझिशन, म्हणजे सुरुवातीला सर्वांत पुढे उभे राहण्याचा मान, मिळवली. शर्यत मात्र अँड्रेटी यांनी जिंकली आणि दुसऱ्या क्रमांकावरही लोटसच होती.