कोच काढण्याआधी गोलकीपर बघा

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय, ‘हरणाऱ्या संघाने मुख्य प्रशिक्षक बदलावा का?’ खाली बारीक अक्षरात असंही आहे की वक्ते यासाठी तीन कसोट्या सांगतील. सांगतो ना. पण त्याआधी सेंट लुईसचा हिशेब मिटवून टाकू. एनएचएलमधल्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमधल्या, कोचबद्दल कुठेही बोला, चौथ्या मिनिटाला एक हात वर होतोच, ‘अहो, पण ब्लूजचं काय?’ आज तो हात वर होण्याआधी मीच बोलून घेतो. (हशा)

सगळे सांगतात ती कहाणी अशी. नोव्हेंबर 2018. सेंट लुईस ब्लूजच्या 19 सामन्यांत जेमतेम 7 विजय. माइक यो यांना नारळ दिला, क्रेग बेरुबी हंगामी कोच झाले आणि जून 2019 मध्ये ब्लूजने लीगच्या अजिंक्यपदाचा स्टॅनली कप उचलला. संघाची स्थापना 1967 ची, आणि हा त्यांचा पहिलाच कप. साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण!

या कहाणीतून सहा आठवडे गाळलेले असतात. बेरुबी 20 नोव्हेंबरला आले. 3 जानेवारीच्या सकाळी ब्लूज कुठे होते? 31 संघांत एकतिसावे. 37 सामने, 34 गुण. मधे डिसेंबरात चालू सरावात ब्लूजच्याच दोन खेळाडूंनी हातमोजे फेकून एकमेकांना बुकललं, अगदी कॅमेऱ्यांसमोर. ‘नव्या कोचने ड्रेसिंग रूमचं वातावरण बदललं’ म्हणतात ते असं. बदललं होतं खरं! (हशा)

मग 7 जानेवारी उजाडला. फिलाडेल्फियाविरुद्ध जॉर्डन बिनिंग्टन नावाचा 25 वर्षांचा गोलकीपर एनएचएलमध्ये प्रथमच सुरुवातीपासून उभा राहिला आणि ब्लूजने 3-0 असा सामना मारला. हा मुलगा काही आकाशातून पडला नव्हता. 2011 साली ब्लूजनेच ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदितांच्या वार्षिक निवडीत, उचललेला. आदल्या मोसमात तर ब्लूजकडे त्याला खेळवायला स्वतःचा दुय्यम संघही नव्हता, म्हणून तो उसना दिला होता प्रॉव्हिडन्सला. प्रॉव्हिडन्स हा कुणाचा दुय्यम संघ? बॉस्टनचा. आणि पाच महिन्यांनी अंतिम फेरीचा सातवा, निर्णायक सामना कुणाशी, कुठे? बॉस्टनशी, बॉस्टनमध्ये. पठ्ठ्याने 33 पैकी 32 शॉट अडवले, ब्लूज 4-1 ने जिंकले. ज्यांनी वर्षभर सांभाळलं, त्यांच्याच घरात जाऊन! मला ही गोष्ट कितीही वेळा सांगायला लावा, मी दमत नाही. श्रोते दमतात, असा घरचा अनुभव आहे.

तर बिनिंग्टनने त्या मोसमात शंभरातले साधारण 93 शॉट अडवले, ब्लूजने ओळीने 11 सामने जिंकले आणि पुतळा कुणाचा? कोचचा.

आता जरा तोंडी गणित करा. एका सामन्यात संघावर साधारण 30 शॉट येतात असं धरा. एक गोलकीपर शंभरातले 91 अडवतो, दुसरा 89. ऐकायला फरक किती? दोन. पण पहिला सामन्याला 2.7 गोल खातो आणि दुसरा 3.3. वीस सामन्यांत 12 गोलांचा फरक. वीसच का म्हणालो? कारण कोचची नोकरी साधारण तेवढ्यातच जाते. ऑक्टोबरात मोसम सुरू होतो आणि अनेकदा नोव्हेंबर संपायच्या आत पहिली गच्छंती झालेली असते. त्या 12 गोलांवर कोच काय करणार? तो बाकामागे उभा असतो, सुटाबुटात. 45 सेकंदांच्या पाळ्या लावतो, कुणाविरुद्ध कोण उतरायचं ते ठरवतो, पॉवर प्ले, म्हणजे समोरचा खेळाडू शिक्षा होऊन बाहेर असतानाचा खेळ, आखतो. पक, म्हणजे ती रबरी चकती, अंगावर घेत नाही.

‘मग योंनी बिनिंग्टनला आधीच का नाही उतरवलं?’ हा प्रश्न चांगला आहे, पण चुकीच्या माणसाला विचारलाय. गोलकीपर कुणाला करारबद्ध करायचं, दुय्यम संघातून कुणाला वर बोलवायचं, हे मुख्यतः जनरल मॅनेजरच्या हातात. कोच मिळेल तो गोलकीपर खेळवतो. आजार म्हशीला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच. बेरुबींचं श्रेय मी नाकारत नाही. त्यांनी मुलाला उतरवलं, संघाला पक फार न मिरवता सरळ पुढे खेळायला लावलं, सगळं कबूल. पण डिसेंबर 2023 मध्ये त्याच ब्लूजने त्याच बेरुबींना घरी पाठवलं. गोलात तेव्हाही बिनिंग्टनच होता, फक्त 2019 चा नव्हे.

एडमंटनची गोष्ट याहून मजेदार. 2023 चा मोसम. पहिल्या 13 सामन्यांत 3 विजय. संघ शॉट जास्त मारत होता, पण स्वतःचे गोल आत जात नव्हते आणि समोरच्याचे अडत नव्हते. जय वुडक्रॉफ्ट गेले, क्रिस नॉब्लॉक आले. पुढे संघ सलग 16 सामने जिंकला आणि अंतिम फेरीत सातव्या सामन्यापर्यंत गेला. नॉब्लॉक चांगले कोच आहेत यात वाद नाही. पण पहिल्या 13 सामन्यांतलं ते फुटकं नशीब मोसमभर टिकत नसतंच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, आणि आपण कावळ्याशी तीन वर्षांचा करार केला. (हशा)

तरी कोचच का जातो? पैशाचं गणित आहे. 2024-25 मध्ये खेळाडूंच्या पगाराची कमाल मर्यादा 8 कोटी 80 लाख डॉलर होती. बहुतेक संघ त्या मर्यादेला टेकलेले, करार पक्के, कित्येकांत बदली न करण्याचं कलम. नोव्हेंबरात 23 खेळाडू बदलता येत नाहीत. कोचचा पगार मात्र त्या मर्यादेत धरतच नाहीत. मालक गरम झालाय, प्रेक्षागारात ‘काढा, काढा’ चालू आहे आणि हलवण्याजोगी एकच वस्तू दिसतेय...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. पाच म्हणजे तीन, मला माहीत आहे. तर कसोट्या, भराभर.

पहिली. संघाचे शॉट गोलात जाण्याची टक्केवारी आणि गोलकीपरने अडवण्याची टक्केवारी यांची बेरीज करा. आकडेवाले हिला पीडीओ म्हणतात. अख्ख्या लीगची बेरीज 100 च येते, कारण एकाचा गोल म्हणजे दुसऱ्याचा न अडलेला शॉट. तुमच्या संघाची 97 असेल तर थांबा, ती वर येणार. 100 असून हरताय? मग कोचकडे बघा.

दुसरी. गोलकीपर सोडून पाचास पाच खेळताना गोलच्या तोंडासमोरून जास्त संधी कुणाला मिळतात? तिथे संघ महिनोन्‌महिने मागे असेल, तर घोडं खरंच कोचपाशी पेंड खातंय. डिसेंबर 2015 चं पिट्सबर्ग आठवा. क्रॉस्बी, मॅल्किन असे दिग्गज खेळाडू असून खेळ गोठलेला. माइक जॉन्स्टन गेले, माइक सलिव्हन आले आणि पहिले चारही सामने हरले! नव्याचे नऊ दिवससुद्धा मिळाले नाहीत. पण संघ वेगात खेळायला लागला आणि 2016, 2017 असे दोन कप आले. तो बदल योग्यच होता.

तिसरी. येणारा कोण? हाती नाव नसताना काढणं म्हणजे नुसता राग काढणं. बॉस्टनने नोव्हेंबर 2024 मध्ये जिम माँटगोमेरींना काढलं. याच माणसाने दोन मोसमांपूर्वी 65 विजयांचा विक्रम केला होता, गोलात सर्वोत्तम गोलकीपरचा व्हेझिना करंडक मिळवणारा उल्मार्क असताना. उल्मार्कला बॉस्टननेच जूनमध्ये ओटावाला देऊन टाकलेलं. हंगामी कोचला घेऊन बॉस्टन प्लेऑफबाहेर, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांबाहेर राहिलं. माँटगोमेरींना पाचच दिवसांत ब्लूजनी उचललं आणि प्लेऑफ गाठली. ब्लूजकडे नाव तयार होतं, बॉस्टनकडे नव्हतं.

आणि टॅम्पा राहिलंच! 2019 मध्ये 62 विजय मिळवून पहिल्याच फेरीत कोलंबसकडून ओळीने चार सामने हरून साफ. जॉन कूपरना काढलं नाही, पुढचे दोन्ही कप त्यांचे. यावर खरं तर वेगळं व्याख्यान हवं. हो हो, संपवतोय. पहिल्या दोन कसोट्यांत कोच नापास झाला आणि तिसरीसाठी नाव हाती असेल, तर त्याला जरूर काढा, पण ख्रिसमसच्या आत. ऐंशीवर सामन्यांच्या धबडग्यात नंतर नव्या माणसाला सरावाचे दिवसच उरत नाहीत. आणि एकाच जनरल मॅनेजरने नेमलेला तिसरा कोच जायची वेळ आली असेल, तर चौथा शोधायचं काम त्याच्याकडे देऊ नका.