मोराची देवी आणि सापाशी मैत्री

आजच्या व्याख्यानाच्या पत्रिकेवर विषय ‘बौद्ध साधनेतील मंत्र आणि देवताध्यान’ असा छापला आहे, पण त्याआधी माझी एक जुनी तक्रार ऐकून घ्यावी लागेल. वेरूळच्या सहाव्या लेण्यात गाभाऱ्याबाहेरच्या दालनात एक देवी उभी आहे. तिच्याजवळ मोर आहे आणि खाली छोट्या मेजावर पोथी ठेवून एक माणूस मन लावून वाचत बसला आहे. काही वर्षांपूर्वी तेथे शाळेच्या सहलीला माहिती देणाऱ्या गृहस्थांनी ‘ही सरस्वती’ असे सांगून मुलांकडून नमस्कार करवून घेतला. ही बौद्धांची महामायूरी आहे, असे मी हळूच सुचवले, तेव्हा ते म्हणाले, “साहेब, मोर आहे, पुस्तक आहे, आणखी काय पाहिजे?” खरे सांगायचे तर मला उत्तर सुचले नाही, कारण दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढत मोठे झालेल्या मराठी माणसाला मोर दिसला की दुसरे काही आठवतच नाही. त्या दिवशी न दिलेले उत्तर मी आज तुम्हाला देणार आहे, आणि तुम्ही दारापासून लांब बसला असल्याने ते ऐकण्यावाचून तुम्हाला गत्यंतर नाही.

ही देवी विद्येची नसून सर्पदंशावरची आहे. जेतवनात, म्हणजे श्रावस्तीजवळच्या बुद्धांच्या विहारात, स्वाती नावाचा तरुण भिक्षू स्नानाच्या पाण्यासाठी लाकडे फोडत असताना त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला काळा नाग डसला. तो जमिनीवर पडून तोंडाला फेस आलेला पाहून बुद्धांचा शिष्य आनंद धावत त्यांच्याकडे गेला आणि बुद्धांनी त्याला महामायूरी विद्या, म्हणजे रक्षणाचा मंत्र, दिली, अशी त्याच नावाच्या ग्रंथात कथा आहे. त्याच ग्रंथात हिमालयातला एक सोनेरी मोरांचा राजाही आहे. तो सकाळ-संध्याकाळ ही विद्या म्हणून सुरक्षित असे. एकदा लांडोरींच्या नादात ती म्हणायची राहिली आणि तो फासात सापडला. विद्येतल्या ‘हिलि हिलि मिलि मिलि’ यांसारख्या ध्वनींना अर्थ शोधू नये. आपल्याकडे दृष्ट काढतानाचे पुटपुटणे तरी कोण व्याकरण लावून ऐकतो? ग्रंथात गावोगावच्या यक्षांची यादीही आहे आणि तीत नाशिकचा यक्ष सुंदर या नावाने येतो. नाशिककर मंडळी आत्ता हसली, त्यांची नोंद घेतली आहे.

आता माझा मुद्दा. मोर सापाचा वैरी, म्हणून मोराची देवी सापाला मारणार, अशी आपली समजूत होते; पण पाठात सापाला धमकी देण्याआधी येते ते ‘मैत्री मे धृतराष्ट्रेषु, मैत्री नैरावणेषु च, विरूपाक्षेषु मे मैत्री, कृष्णगौतमकेषु च’. ही नागकुळांची नावे आहेत. याचे मूळ पालीतल्या खंध परित्तात आहे; परित्त म्हणजे परित्राण, रक्षणासाठी म्हणायचा पाठ. साप चावून एक भिक्षू मेला तेव्हा त्याने सर्पांच्या चार कुळांना मैत्रीने व्यापले नव्हते, असे बुद्ध म्हणतात आणि मग बिनपायांच्या, दोन पायांच्या, चार पायांच्या, अनेक पायांच्या अशा सर्वांशी माझी मैत्री असो, हा पाठ देतात. पुढे साप, विंचू, घोण, कोळी, पाल आणि उंदीर अशी यादीच येते, म्हणजे पावसाळ्यातले आपले कोकणातले घरच. माझी आजी रात्री सापाला साप न म्हणता ‘लांबडं’ म्हणायची आणि अंधारात पाय टाकण्याआधी ‘आस्तिक आस्तिक’ म्हणायची. त्यात भीती होती, पण त्या लांबड्याला काठीने शोधायला जाण्याची भाषा नव्हती. आपल्या विहारांतून परित्राण पाठ ऐकणाऱ्यांना हा सूर ओळखीचा वाटेल. (मंत्र म्हणून दवाखाना टाळावा असे मी म्हणतो, असा अर्थ कृपया कोणी काढू नये; सर्पदंशावर काय द्यावे हे भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात, विनयपिटकातही सांगितले आहेच.)

चिठ्ठी आली आहे. सात मिनिटे उरली, म्हणजे ज्यासाठी आपण जमलो ते आता उरकणे भाग आहे.

औरंगाबादच्या सातव्या लेण्यात करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर याच्या दोन्ही बाजूंना अग्नी, चोरांची तलवार, बेड्या, बुडणारे जहाज, सिंह, साप, हत्ती आणि मृत्यू अशी आठ भये कोरली आहेत आणि प्रत्येक ठिकाणी संकटात सापडलेला माणूस त्याला हाक मारतो आहे. व्यापारी मार्गांवरच्या या लेण्यांत चोर आणि जहाज यांना इतके महत्त्व का, हे वेगळे सांगायला नको. तिबेटी परंपरेने, विशेषतः पहिले दलाई लामा गेदुन द्रुप (1391–1474) यांच्या तारास्तुतीने (तारा ही भयातून तारणारी बौद्ध देवी), हीच भये माणसाच्या आत नेली : सिंह म्हणजे अहंकार, हत्ती म्हणजे मोह, अग्नी म्हणजे क्रोध आणि साप म्हणजे मत्सर. म्हणजे ज्या सापाशी मैत्री करायची तो आता शेजाऱ्याचे घर पाहून आपल्याच पोटात फणा काढतो.

साधनेत साधक अवलोकितेश्वराला पुढे बसवून थांबत नाही. पांढऱ्या वर्णाचा, चार हातांचा, दोन हात जोडलेला आणि उरलेल्या दोहोंत माळ व कमळ धरलेला तो अवलोकितेश्वर आपणच आहोत, असे साधक ध्यान करतो. हृदयातल्या कमळावर चंद्रबिंब, त्यावर ह्रीः हे बीजाक्षर, म्हणजे देवतेचे एकाक्षरी रूप, त्याभोवती कारंडव्यूह या महायान सूत्रातून आलेली ‘ॐ मणिपद्मे हूं’ ही सहा अक्षरे, आणि त्यांतून निघालेला प्रकाश नरकापासून देवलोकापर्यंत सहाही गतींत पोहोचतो. ज्याला वाचवायचे तो बाहेर आणि वाचवणारा आत, अशी बाजू येथे उलटते. शेवटी देवता बीजाक्षरात, बीजाक्षर प्रकाशात आणि प्रकाश शून्यतेत विरतो. ‘मी करुणामय’ हा नवा अहंकार वाढू नये, ही ती सोय.

तारेबद्दल बोलायचे राहिलेच. तिचा उजवा पाय आसनावरून खाली सोडलेला असतो, उठून धावायच्या बेतात, एवढेच आज लक्षात ठेवा. आणि वेरूळला जाल तेव्हा जमल्यास सहाव्या लेण्यात विजेरी घेऊन जा. सगळे मोराकडे पाहतात आणि खाली मान घालून पोथी वाचणारा तो माणूस घाईत पाहायचा राहून जातो.